हरतालिकेची वाळू

माझं शेवटचं पोस्टिंग कुठलं असं कोणी विचारलं, तर मी ॲरिझोना सांगतो. सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, चार वर्षं गावी, साताऱ्याकडे, शेतातलं पाहिलं. बायको गेली आणि मुलानं फिनिक्सला बोलावून घेतलं. ऑर्डर आली, मूव्ह केलं. २००१ चा जून होता. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि गरम वारा थोबाडीत बसला. मुलगा म्हणाला, "बाबा, त्रास होईल तुम्हाला इथे." मी म्हटलं, "अरे, सहा वर्षं राजस्थानच्या वाळूत काढली मी. हे वातावरण माझ्या ओळखीचं आहे."

ओळखीचं होतं ते ऊन. गाव मात्र वेगळंच. राजस्थानात ऊन दिसतं, लागतं, त्याची भीती वाटते. इथे माणूस एसी घरातून एसी गाडीत, गाडीतून एसी ऑफिसात. जुलै महिना पोरांना खिडकीतून बघायला मिळतो. म्हणून इथलं ऊन मला जास्त वाईट वाटतं. ते कळूच देत नाही.

पुण्याची, मुंबईची, नागपूरची पोरं कंपनीच्या प्रोजेक्टवर यायची. काही थेट भारतातून, काही अमेरिकेतल्याच एडिसनहून नाहीतर अर्विंगहून. एडिसनवाल्यांना बर्फ झाडायची सवय, त्यांच्या गाडीत इथे आल्यावरही फावडं! मी रविवारी सकाळी नवीन मंडळींना चहाला बोलवायचो. सूनबाई अश्विनी त्याला 'बाबांचं ब्रीफिंग' म्हणायची. म्हणू दे. ब्रीफिंगच होतं ते.

सांगायचो ते साधंच असायचं. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू असतो. स्टिअरिंगवर टॉवेल टाकून ठेवायचा, सीटबेल्टच्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. गाडीची बॅटरी इथे दोन-तीन उन्हाळ्यांत मान टाकते, दुकानात नेऊन तपासून घ्यायची. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही गरमच पाणी येतं, त्यासाठी अपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन भांडायचं नाही. एसी बंद पडला तर संकोच सोडून शेजाऱ्याचं दार वाजवायचं. आमच्याकडे यायचं असेल तर दारही वाजवू नका, सरळ आत या. लेकराला गाडीत 'एक मिनिट' सुद्धा ठेवायचं नाही. वॉश म्हणजे कोरडा ओढा. दिसायला मैदान, पण त्यात गाडी घालायची नाही. वाळूत चाक रुततं, आणि पाऊस डोंगरात पडला तरी लोंढा इथे येतो. आणि गाडीच्या डिकीत पाण्याची पेटी. कायम.

"काका, पण इथे ड्राय हीट आहे यार, घामच येत नाही," असं दर रविवारी कोणीतरी म्हणायचंच.

"घाम येतो. वाळतो म्हणून तुला दिसत नाही," हे माझं ठरलेलं उत्तर.

२००५ च्या उन्हाळ्यात निखिल आणि प्राजक्ता आले. निखिल सॉफ्टवेअरमध्ये, अबोल पोरगा. प्राजक्ता त्याची बायको, डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे शिकलेली असून नोकरी करायची परवानगी नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघं नागपूरची. माझं ब्रीफिंग चालू असताना ही मधेच म्हणाली, "काका, आम्ही नागपूरचे आहो. शेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री पाहिलं आहे. तुमचे हे एकशे आठ म्हणजे बेचाळीसच झाले ना? एवढ्यात तर आमच्याकडे लग्नं लागतात!"

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "लागतात, पण मांडवात. आणि पन्हं पिऊन." पोरगी मला आवडली. उलट बोलणारा जवान मला नेहमीच आवडतो, त्याच्या मनात काय आहे ते कळतं तरी.

सप्टेंबर लागला. हरतालिका आली. प्राजक्ताची लग्नानंतरची पहिलीच. अश्विनीनं सगळ्या बायकांना संध्याकाळी आमच्याकडे पूजेला बोलावलं, कारण दिवसा बहुतेकींची ऑफिसं. पूजेला वाळूची पिंड लागते. आदल्या रविवारी प्राजक्तानं मला विचारलं होतं, "काका, चांगली बारीक वाळू कुठे मिळेल?" मी जिथे सकाळी फिरायला जातो त्या वॉशचं नाव घेतलं. नवीन घरांची कॉलनी संपते आणि डांबरी रस्ताही संपतो, तिथून उत्तरेला. सांगितलं, सकाळी सहाला जा, गाडी डांबरावरच ठेव, पिशवी भर आणि परत ये.

हरतालिकेच्या दिवशी दुपारी दीड वाजता तिचा अश्विनीला फोन आला. "ताई, वाळूचं मी पाहते. पंधरा मिनिटांचं काम आहे." चार वाजले तरी ती आली नाही. फोन लागेना. निखिल ऑफिसातून म्हणाला, घरीही उचलत नाही.

अश्विनी फुलं निवडत होती. सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आणि आज तिचा निर्जळा उपास आहे. सकाळपासून थेंब घेतला नाही म्हणत होती."

मला आधी राग आला. मग मी म्हटलं, "फुलं ठेव. गाडी काढ."

मागे मी सेलमध्ये वॉकीटॉकीची जोडी घेतली होती. मुलगा हसला होता, "बाबा, इथे कोणाशी लढाई आहे?" ती जोडी उचलली. दोन जुन्या चादरी, बर्फाची पिशवी आणि पाणी घेतलं. मोबाइलला वॉशमध्ये रेंज नसते हे मला रोजच्या फिरण्यातून ठाऊक होतं. डांबर संपलं तिथे अश्विनीला थांबवलं. "तू इथून हलायचं नाही. तुझ्या फोनला रेंज आहे. एक सेट तुझ्याकडे. मी सांगेन ते नाइन-वन-वनला सांगायचं."

टायरचे ताजे माग सरळ खाली ओढ्यात गेले होते. मी त्यांच्यावरून चालत निघालो. वळणावर गाडी दिसली. पुढची चाकं अर्धी वाळूत.

"अश्विनी, गाडी सापडली. ओव्हर."

"बाबा, ती आहे का? बाबा? ती आहे का आत?"

"आधी ओव्हर म्हण. मी बोलत असताना तू बटण दाबलंस तर मला ऐकू येत नाही. ओव्हर."

"ओव्हर! ओव्हर, बाबा!"

प्राजक्ता गाडीत नव्हती. गाडीच्या सावलीत वाळूवर बसली होती. हिरवी साडी, हातात हिरवा चुडा, मांडीवर वाळूनं भरलेली पिशवी. चेहरा लालबुंद. एसी लावून बसता बसता गाडीचं पेट्रोल संपलं होतं. डिकी उघडी होती आणि आत पाण्याची पेटी. चोवीस बाटल्या. वरचं प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं.

"मी ठीक आहो काका," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "पूजेला उशीर होते. चला नं."

मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. उठायला लागली तर तोल गेला. मी सेटवर सांगितलं, "अश्विनी, ॲम्ब्युलन्स. हीट स्ट्रोक होईल असं सांग. रस्ता संपतो तिथून उत्तरेला, वॉशमध्ये. शुद्धीवर आहे. ओव्हर."

"सांगते. ओव्हर."

बाटली उघडून तिच्यापुढे धरली. तिनं तोंड फिरवलं. "निर्जळा आहे आज. पहिली हरतालिका आहे माझी."

"बरं. पिऊ नकोस. अंगावर ओतलेलं चालतं ना व्रताला?"

तिनं विचार केला. तेवढा विचार करायलाही तिला वेळ लागला. म्हणाली, "चालते."

मी दोन बाटल्या डोक्यावर ओतल्या, दोन मानेवर आणि पाठीवर. चादर भिजवून गुंडाळली. बर्फ काखेत दिला. दुसरी चादर हलवून वारा घालत राहिलो. साठी उलटलेला माणूस मी, माझेही हात भरून आले होते, पण थांबलो नाही. पाच-सात मिनिटांनी तिची नजर जाग्यावर आली. तेव्हा बाटली पुन्हा पुढे केली.

"काका, नको नं. निखिलला काही झालं तर?"

या प्रश्नावर हसायला मला जमलं नाही. आईनं, आजीनं मनात घातलेली भीती अशी दोन शब्दांत जात नाही. मी तिच्यासमोर वाळूत मांडी घालून बसलो.

"ऐक, पोरी. रामचंद्र जगदाळे म्हणून माझा दोस्त होता. नाईक होता, मी लान्स नाईक. एकाच सेक्शनमध्ये. राजस्थानात एक्सरसाइज चालू होती, पायी मार्च. तेव्हा आम्हाला वॉटर डिसिप्लिन शिकवायचे. पाणी वाचवा, मुक्कामापर्यंत पुरवा. रामचंद्र डिसिप्लिनचा पक्का. आम्ही चोरून घोट घ्यायचो, तो नाही. मुक्काम दिसायला लागला आणि तो खाली बसला. 'मी ठीक आहे' म्हणाला. पुन्हा उठला नाही. त्याच्या कमरेची बाटली मी सोडवली. काठोकाठ भरलेली होती."

तिनं डिकीतल्या पेटीकडे पाहिलं.

"त्याची बायको दरवर्षी हरतालिका करायची. निर्जळा. तुझ्यासारखीच. तिच्या व्रतात काही कमी नव्हतं, पोरी. माणूस पाण्यावाचून गेला. शिर सलामत तर पगडी पचास. महादेवाला तुझा उपास पुढच्या वर्षीही चालेल. तुझ्या नवऱ्याला तू आज लागणार आहेस."

"एकच घोट," ती म्हणाली.

"एक घोट नाही. मी थांब म्हणेन तोवर, थोडं थोडं. ही ऑर्डर आहे."

तिनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि बाटली तोंडाला लावली. पहिल्या घोटाला ठसका लागला. मग प्यायली. रडत होती आणि पीत होती. माझ्या जिवात जीव आला. मी सेटचं बटण दाबलं. "अश्विनी, पाणी प्यायली. ओव्हर." पलीकडून नुसतं हुंदका दिल्यासारखं ऐकू आलं. या वेळी मी ओव्हरचा आग्रह धरला नाही.

ॲम्ब्युलन्सची माणसं आली, सलाइन लावलं. हॉस्पिटलात तिला रात्रभर ठेवून घेतलं. निखिल तिच्या उशाशी उभा होता. ती म्हणाली, "माझं व्रत मोडलं." तो अबोल पोरगा म्हणाला, "पुढच्या वर्षी तुझ्यासाठी मी करतो. पाणी पिऊन." नर्सला मराठी कळत नव्हतं, पण तीही हसली.

त्या रात्री उशिरा का होईना, पूजा झाली. अश्विनीनं हार्डवेअरच्या दुकानातून लहान मुलांच्या खेळायच्या वाळूचं पोतं आणवलं. धुतलेली, चाळलेली, एकसारखी बारीक वाळू. नवीन येणाऱ्या मुलींनो, हरतालिकेची वाळू तिथे मिळते. ओढ्यात जाऊ नका. आणि निर्जळा करायचीच असेल तर घराबाहेर पडू नका. माझं विचाराल तर करूच नका. देव रागावला तर माझं नाव सांगा.

रामचंद्र गेला तेव्हा त्याचं सामान घेऊन त्याच्या गावी मला पाठवलं होतं. ट्रंक, बिस्तरा, पगाराचं पुस्तक, बूट. त्याची बायको, शेवंतावहिनी, दारात उभ्या होत्या. कपाळ नुकतंच पुसलेलं. मी सॅल्यूट केला. त्या रडल्या नाहीत. सामानावर हात फिरवला आणि विचारलं, "भावजी, पाणी हुतं का त्यांच्यापाशी?"

मी म्हटलं, "होतं, वहिनी."

त्या म्हणाल्या, "मग?"

मी ट्रंक ओट्यावर ठेवली.