गाण्यातली हाक

माझ्या गाण्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती कुणा अनोळखी माणसाची : ‘डोळे मिटले की वाळवंट दिसतं आणि त्यात एकटा घोडेस्वार.’ वाळूजच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचली आणि घास हातातच राहिला. घोडा मी जवळून पाहिला तो फक्त वरातीतला, तोही बँडच्या आवाजानं बुजलेला. गाणं होतं फुलंब्रीजवळच्या आमच्या माळाचं, आणि त्यात चालणारी जनावरं होती मेंढरं.

पण खोटं कशाला बोलू, मला ते घोडेस्वाराचं आवडलं. कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलं तरी कोण परत पाठवतं?

गिटार मी खोलीतल्या एका जोडीदाराकडून घेतली होती. तो नोकरी सोडून गावी गेला आणि ती माझ्याकडंच राहिली. मोबाईलवर बघून बघून शिकलो. परदेशातले ते टोपीवाले गायक, धूळ, संथ उदास चाल, मधेच शीळ. हे ऐकलं की मला का कोण जाणे, मेंढरांमागून चालणारी दादांची पाठ दिसायची. दादा म्हणजे माझे वडील. तसल्याच चालीवर चार ओळी मराठीत रचल्या. सगळं जमलं, पण मधली जागा मोकळी वाटत होती. मग एका रविवारी घरी गेलो असताना बाभळीआड उभा राहिलो आणि संध्याकाळी मेंढरं बोलावताना दादांनी दिलेली हाक मोबाईलवर घेतली. न विचारता घेतली.

विचारलं असतं तर त्यांनी दिली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरात त्या हाकेची एक शिस्त आहे. हाक मारणाऱ्याच्या मुठीत खडेमीठ पाहिजे, आणि शेवटचं जनावर येऊन ते चाटेपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. आजोबांनी ती हाक दादांना अशीच शिकवली होती. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून हाक मारली आणि पळून गेलो, तर दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मारलं असतं तर परवडलं असतं.

गाणं मोबाईलवर टाकलं आणि माझी झोपबिप नव्हे, पण बूड टेकणं मात्र गेलं. मशीनवर उभा असलो तरी एक हात खिशाकडं. कुणी ‘काळजात उतरलं’ लिहिलं की मी दिवसभर हवेत. कुणी ‘इंग्रजी गाण्याची नक्कल’ लिहिलं की त्या दिवशी मशीनवरचे दोन भाग मापाबाहेर गेलेच म्हणून समजा. सुपरवायझरनं दोनदा झापलं. बहुतेकांना ती हाकच आवडली होती. ‘ही कुठल्या परदेशी गाण्यातून उचलली?’ असं एकानं विचारलं, तर मी त्याला नुसतं बदामाचं चिन्ह पाठवलं. माझ्या बापाची आहे, एवढं लिहायला काय झालं होतं मला? आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आठवड्याभरानं आईचा फोन आला.

“आरं, मेंढरं बी ऐकायलेत तुझं गाणं! हाक आली की समदी उठून माझ्या बाजंकडं पळायलेत.”

“दादा काय म्हणाले?”

“ते कुठं हायेत घरी? बाजाराला गेलेत. त्यांना नाय सांगितलं आजून.”

“पुन्हा लाव. व्हिडिओ काढ,” मी म्हणालो.

आईला शिस्त ठाऊक नव्हती असं नाही. पण मोबाईलमधली हाक तिनं हाकेत धरली नाही, आणि मीही धरली नाही. व्हिडिओत मेंढरं बाजेभोवती गोळा होऊन मोबाईल हुंगत होती. तो मी गाण्याखाली टाकला. लोक खुळे झाले. आई मग मेंढरं दारात आणि दादा कुठं बाहेर असले की येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागली, दिवसातून पाच-पाच वेळा. लेकाचं कौतुक, दुसरं काय.

आमच्या कंपनीच्या बसमध्ये फुलंब्रीकडचा एक जण होता. पीक निघालं की दरसाल आमची मेंढरं त्यांच्या वावरात बसतात, खतासाठी. एका सकाळी मी बसमध्ये गाणं सगळ्यांना ऐकवलं. “लई रडकं हाये राव,” एक म्हणाला. दुसऱ्यानं सीटवर बसल्या बसल्या घोडा पळवून दाखवला. सगळे हसले. तो फुलंब्रीवाला तेवढा हसला नाही.

“ही तुझ्या दादाची हाक हाये ना?”

“व्हय,” मी फुशारकीनं म्हणालो.

“मग परवा मेंढरं कामून आली नाय रे? आमच्या हरभऱ्यात शिरलेली. दादा बांधावर उभे राहून गळा फाडून हाका मारायले, एकानं मान वर केली नाय. माझा बाप काय बोलला नाय त्यांना. पण दादाचं तोंड बघवंना.”

बस कंपनीच्या गेटात शिरली तरी मी बसूनच होतो. त्या दिवशी खिशातल्या मोबाईलला हात लावला नाही. दुपारी शिफ्ट सुटली तसा थेट घरी गेलो.

दादा ओट्यावर बसून हळद घातलेलं गरम पाणी पीत होते. आवाज पार बसला होता.

“चार दिस झाले, मेंढरं ऐकंना झालेत,” ते म्हणाले. “मला वाटलं, म्हातारपणानं आवाजच बदलला आपला.”

मला भडभडून आलं. चार दिवस हा माणूस स्वतःच्या गळ्याला दोष देत बसला होता. मी सगळं सांगितलं आणि गाणं लावून मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मधे त्यांचीच हाक आली तेव्हा डोळे मिटले.

“चाल बरी हाये,” ते म्हणाले. मग मोबाईल बाजूला सारत : “पण हाक मारणारा कुठं हाये ह्याच्यात?”

दारात उभ्या आईनं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, गाणं आत्ताच काढून टाकतो.

“ते तुझं तू बघ. त्यानं मेंढरं येणार हायेत का? मोडली तू, आता जोड बी तूच.” त्यांनी डब्यातलं खडेमीठ माझ्या दोन्ही मुठींत भरलं.

माळावर उभं राहून मी हाक दिली. गाण्यात इतकी गोड लागलेली हाक माझ्या गळ्यातून फाटक्या कापडासारखी निघाली. मेंढरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी काठी घेऊन वळवावी लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी शिफ्ट सुटली की धावतपळत यायचो, उभा राहायचो. माझे पाय सारखे चुळबुळायचे आणि दादा मागून म्हणायचे, “हलू नको.”

मधल्या काळात मी गाण्यातून हाक कापली. ‘ती हाक कुठं गेली? तिच्याशिवाय गाण्यात राम नाही,’ अशा तक्रारी आल्या. या वेळी मी बदाम पाठवलं नाही. ‘ती माझ्या वडिलांची होती, त्यांना परत दिली,’ असं लिहिलं.

कितव्या संध्याकाळी ते नक्की आठवत नाही, पण कळपातली एक म्हातारी मेंढी थांबली. माझ्याकडं बघत राहिली, मग सावकाश चालत आली आणि खरखरीत जिभेनं माझी मूठ चाटू लागली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. खिशात मोबाईल थरथरत होता. घामानं मीठ विरघळून बोटांतून गळत होतं. मला रडू येत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“आली, दादा,” मी म्हणालो.

“समदी कुठं? ती लंगडी बघ की.”

लंगडी अजून पार लिंबाजवळ होती. दोन पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा चरायची. दिवस बुडत आला होता. मी हललो नाही.