पाहुण्यांना पोचवणाऱ्या काकी

शहापूरच्या डॉक्टरांनी शेजारच्या काकींना बजावलं, वजन उतरवा, नाहीतर गुडघे जातील. काकींनी डाएट केलं, पण चार माणसांत बसून नुसती काकडी त्यांना खाववेना. पहाटे चालायला निघायच्या नि देवळापासूनच मागे फिरायच्या. "बोलाया कोन नाय तर पाय उचलत नाय गो," म्हणायच्या.

मग त्यांनी पाहुणे पोचवायला घेतले. गावात कुणाचाही पाहुणा निघाला, की त्याची पिशवी काकींच्या हातात, आणि शेणव्याच्या एसटी स्टॉपपर्यंत अखंड गप्पा. येताना एसटीतून उतरलेलं कुणीतरी सोबतीला. ब्लाउज सैल झाले, दोनदा टाचून घेतले.

मुलगी सासरी गेल्यापासून माझ्याकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. परवा काकी दारात उभ्या. "आज गावात कोनाचा पावना नाय. तूच चल."

खुंटीवरची माझी रिकामी पिशवीही घेतली. पिशवीशिवाय त्यांना चालल्यासारखं वाटत नाही. वाटभर मीच बोलत राहिले.

स्टॉपवर एसटी आली, तशी त्यांनी सवयीनं पिशवी माझ्या हातात दिली. "सांभाळून जा. परत कवा येशील?"

एसटी निघून गेली. आम्ही दोघी तिथंच.

"उद्या," मी म्हटलं.