साडेतीनमधलं टिंब

हडपसरच्या ज्या रानात आमच्या डोळ्यांदेखत ऊस डुलत होता, तिथं काचेच्या इमारती उगवू लागल्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या इमारती बांधायला माणसं लांबून आली. वर्ध्याहून, यवतमाळहून. माणसांमागं पोरं आली, आणि पोरं महापालिकेच्या मराठी शाळेत सुशीलाबाईंच्या हाताखाली आली.

सुशीलाबाई मांजरीच्या. पावकी-निमकीचे पाढे त्या पुस्तकात शिकल्या नाहीत, वडिलांच्या गुऱ्हाळावर शिकल्या. काहिलीत रस उकळत असायचा आणि वडील पाढा म्हणायचे. असं शिकलेलं माणूस घाई करत नाही. बाईंनी मुलांना अर्धा शिकवला तो भाकरी मोडून. पाव शिकवला चतकोर वाटून. मग कागदाच्या घड्या, मग दोरीच्या. "पाऊण म्हणजे काय रे?" विचारलं की सगळा वर्ग हाताने हवेतच घडी घालून दाखवायचा. पहिलीत ज्या बाईंनी बोट धरलं, त्यांनीच वर्गाबरोबर वरच्या इयत्तेत चढत जायचं, अशी त्या शाळेची रीत होती. बाईंचा वर्ग पाचवीत आला होता. आता दशांश अपूर्णांक आले.

एका सकाळी मुख्याध्यापक वर्गात शिरले. शरच्चंद्र सर, कसबा पेठेतले. स्कूटरवर यायचे आणि खाली उतरले तरी अर्धं लक्ष स्कूटरकडे. त्यांनी फळ्यावर लिहायला सांगितलं, "साडेतीन मीटर."

शंभूने लिहिलं, ३.३०.

सरांनी नम्रताला उठवलं. तिनेही तेच लिहिलं. मग दीपमालाला. तिनेही तेच. अक्षर मात्र तिघांचंही सुरेख, बाईंसारखं.

"वा," सर म्हणाले. "अहो बाई, आपण गणित शिकवता की रेल्वेचं वेळापत्रक?"

सर बाहेर व्हरांड्यात थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या शनिवारी येतो. हीच तीन मुलं फळ्यावर. दोघं चुकली, तर जूनमध्ये सहावी आमोद सरांकडे. आपल्याला पुन्हा पहिली. मुलं गोड असतात पहिलीतली."

आमोद सर शेजारच्या वर्गाचे, तरुण, मनाने चांगले. मधल्या सुट्टीत ते म्हणाले, "बाई, कशाला जिवाला घोर? साडे म्हणजे पॉइंट पाच, सव्वा म्हणजे पॉइंट पंचवीस. पाठ करून घ्या. माझी पोरं झोपेत सांगतात."

"झोपेत सांगतात, जागेपणी विसरतात," बाई म्हणाल्या. पण घरी जाताना सरांची अट डोक्यातून जाईना.

बापूराव, त्यांचे यजमान, ओसरीवर विळ्याला धार लावत होते. त्यांनी ऐकून घेतलं. "त्यात काय हाय? चूक हाय म्हनून सांग, संपलं."

"सांगितलं. दोनदा सांगितलं. पोरं हो म्हणतात आणि पुन्हा तेच लिहितात."

"मग कुनी तरी शिकवलंय त्यांना. त्याला गाठ."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दीपमालाला जवळ घेतलं. तिचे वडील नव्या इमारतीवर पहारेकरी, आई विटा वाहणारी. पोरगी बोलायला कमी, बघायला तिखट.

"हे साडेतीन असं लिहायला कोणी शिकवलं गं तुला?"

तिने बोट वर केलं, फळ्याकडे.

"तुमीच त लिवता, बाई. रोज."

फळ्याच्या कोपऱ्यात बाईंच्याच वळणदार अक्षरात वेळापत्रक होतं. प्रार्थना ७.१५. मधली सुट्टी ९.४५. शाळा सुटणे १२.३०. पहिलीपासून रोज सकाळी, तारखेच्या खाली, न चुकता. सव्वासात, पावणेदहा, साडेबारा. मुलांना आयुष्यात पहिलं टिंब भेटलं ते तिथं, आणि ते त्यांनी इमानाने जपलं होतं.

बाईंनी ते पुसलं नाही. त्याच्याखाली घड्याळाचा एक गोल काढला आणि भिंतीवर गेरूने मीटरभर लांब पट्टी ओढली.

"तासाचे तुकडे किती?"

"साठ."

"मीटरचे सेंटिमीटर?"

"शंभर."

"साठाचा अर्धा तीस. मग शंभराचाही अर्धा तीसच का रे?"

वर्गात कुजबुज झाली. शंभू हसला आणि त्याने कपाळावर हात मारला. पण नम्रता गोंधळली ती गोंधळलीच. आठवडाभर ती कधी बरोबर लिही, कधी चुके. शनिवार मात्र कोणासाठी थांबत नाही.

सर आले. आमोद सर दाराशी उभे राहिले. "बाई, आपण मागच्या बाकावर बसा. आणि बोलायचं नाही," शरच्चंद्र सर म्हणाले. भिंतीवरच्या पट्टीसमोर त्यांनी नकाशा टांगला.

शंभूला साडेतीन मीटर. त्याने लिहिलं, ३.५०. बाईंनी श्वास सोडला.

नम्रताला सव्वादोन. खडू टेकला, थांबला. २.१५. मागून कोणी तरी "अगं" म्हणालं आणि सरांनी नुसतं वळून बघितलं.

आता सगळं दीपमालावर आलं.

"पाऊण मीटर."

तिने शून्य काढलं. टिंब दिलं. मग चार काढला. बाईंच्या हाताने बाकाची कड घट्ट धरली. पाच वर्षं त्या बोलत आल्या होत्या; आता एक शब्द बोलायचा नव्हता.

चारवर खडू थांबला. दीपमालाने नकाशाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग खडू खाली ठेवला आणि एका वेणीची तांबडी रिबीन सोडली.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

"मीटर धरला, जी," ती म्हणाली. तिने रिबीन दुमडली. "हे पन्नास." पुन्हा दुमडली. "हे पंचवीस." मग उलगडून एक पदर बाजूला धरला आणि उरलेल्या तीन पदरांवरून बोट फिरवलं. तळव्याने चार पुसला. लिहिलं, ०.७५.

"शेकड्यात?"

"शेकडा पंच्याहत्तर."

"बाजूला धरलेला भाग आणि हा भाग, प्रमाण काय?"

"एकास तीन."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "शाळेच्या गणवेशात दोन वेण्या, दोन रिबिनी," ते म्हणाले. "बाई, आपल्या सहावीला एवढं शिकवा." आणि ते निघाले. दारातून जाताना आमोद सरांनी बाईंना हळूच हात जोडले.

वर्ग गलका करत बाईंभोवती जमला. बाई त्यातून वाट काढत नम्रताच्या बाकापाशी गेल्या. ती डोकं खाली घालून बसली होती.

बाई तिच्या शेजारी बसल्या. दीपमालाकडून रिबीन मागून घेतली आणि तिचं एक टोक नम्रताच्या हातात दिलं.

"धर," त्या म्हणाल्या. "शाळा सुटायला वेळ आहे."