मागे घेतलेली पांदणीची केस

एका शेगडीवर चहा उकळत होता, दुसरीवर ह्यांच्या डब्याची वांग्याची भाजी. ओसरीत मामाजी, म्हणजे माझे सासरे तुळशीराम, रेडिओवर बाजारभाव ऐकत होते. तेवढ्यात कडी वाजली.

दारात प्रेमानंद वकील. पाच वर्षं आमचे आमदार होते. तेव्हा यायचे तर आधी हॉर्न, मग चार माणसं, मग ते. आज मोताळ्याहून एसटीनं एकटेच आले होते, काखेत फाइल.

"जयभीम, तुळशीरामभाऊ."

"रामराम. काऊन, इलेक्शन लागलं काय?" मामाजींनी रेडिओचा आवाज कमीही केला नाही.

मी घाईनं खुर्ची दिली. ते बसले, पण पार कडेला.

त्यांचे वडील नांदुऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होते. घराण्यातला हा पहिला वकील. मोताळ्यात टेबल टाकलं तेव्हा पहिला पक्षकार आमचे मामाजी. शेजारच्या शालिग्रामनं आमच्या शेताकडे जाणारी पांदण, म्हणजे गाडीवाट, नांगरून टाकली होती. तारखेला दोघं एकाच एसटीनं जात, तहसीलच्या लिंबाखाली एकाच फडक्यातली भाकर खात. मी नवी नवरी होते. त्या दोन माणसांच्या भाकरी मीच बांधायची. चार वर्षं केस चालली. पंचनामा झाला, फक्त निकाल यायचा होता.

तेवढ्यात वकीलसाहेब निवडून आले. शालिग्राम त्यांच्या प्रचारात पुढे होता. एक दिवस वकीलसाहेबच येऊन मामाजींना म्हणाले, "केस मागं घ्या. आता कागद कशाले? आता मीच आमदार हाय, रस्ता करूनच देतो." मामाजींनी अर्जावर सही केली. पुढं अधिवेशनं, उद्घाटनं, लग्नं. शालिग्रामनं तिथं तूर पेरली ती पेरलीच.

आजही आमचं सोयाबीन डोक्यावरून नाल्यापर्यंत येतं, गाडी तिथवरच जाते. मामाजींचे गुडघे गेले. तीन वर्षं झाली, त्यांनी स्वतःचं वावर पाहिलं नाही. संध्याकाळी त्या दिशेला तोंड करून बसतात, एवढंच.

"पहिलेसारखी गर्दी असते का हो घरी?" काहीतरी बोलायचं म्हणून मी चहा देताना विचारलं.

"कोन येते, सूनबाई! बायको गेल्यापासून चहा बी मीच करतो." ते हसले. "खरं सांगू? मुंबईची आठवन येत नाही. त्या लिंबाखालची येते. भाऊ भाकरीतला मोठा तुकडा मले द्यायचे."

"तवा तुम्ही वकील होते," मामाजी म्हणाले.

"हाव. तवा मी तुमच्या एकट्याचा होतो. आमदार झालो अन् शालिग्रामचा बी झालो. दोघायलेबी खुश ठेवाले गेलो. चुकलो, भाऊ."

मामाजींनी रेडिओ बंद केला. चहावर साय धरली.

"आता काय होते त्या केसचं?"

"नवा अर्ज करता येते. जुना पंचनामा कामी येईन. सनद अजून हाय माही, कोट बी हाय."

"मोताळ्यात तरणे वकील लय हायेत," मामाजी हळूच म्हणाले, पण टोमण्यातली धार गेली होती.

"हायेत. माह्यापेक्षा हुशार हायेत."

त्यांनी फाइलमधून कोरं वकीलपत्र काढलं, पेन त्याच्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी मामाजींपुढे धरलं.

"भाऊ, एवढी एक केस मले लढू द्या."