नऊ नंबरला आण्णा

चाळिशी ओलांडलेली तीन माणसं रोज संध्याकाळी एका खोलीत बसून व्हिडिओ गेममधला फुटबॉल खेळायला लागली, की किस्से शोधावे लागत नाहीत. आपोआप साठतात. आमचे तर आमच्या आधी आमच्या घरी पोचतात. तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. अब्रू जायचीच आहे, तर निदान स्वतःच्या हातानं जाऊ दे.

तिघं म्हणजे कोण? एक मी, सुधीर. तासगावात द्राक्षाची खोकी आणि पॅकिंगचं सामान विकतो. दुसरा नित्या. फौजेतनं हवालदार होऊन रिटायर झाला आणि आता बेदाण्याचं शेड चालवतो. तिसरा बिरू. मूळचा आटपाडीकडचा, आज्याची मेंढरं होती, याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे.

सांगलीला कॉलेजात असताना एका सायबर कॅफेत आम्ही हा गेम खेळायचो. एका कीबोर्डवर दोघं, कोपराला कोपर घासत. गेल्या वर्षी कळलं की कंपनीनं तोच गेम नव्यानं करून आणलाय. तीच मैदानं, त्याच टीम, फक्त आता खेळाडूंना घाम येतो. आमच्या वेळी त्यांना नाकसुद्धा नव्हतं! नित्यानं शेडच्या ऑफिसात टीव्ही बसवला आणि आमची वयं वीस वर्षांनी उतरली. अक्कलही उतरली, असं माझी बायको म्हणते.

* * *

नव्या गेममध्ये सामन्याआधी दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतात आणि राष्ट्रगीतं वाजतात. बटण दाबलं की ती गाळता येतात. पहिल्याच दिवशी मी ते दाबायला गेलो, तर नित्यानं माझा हात धरला. बघतो तर गडी खुर्ची मागं सारून सावधानमध्ये उभा!

मी म्हटलं, अरे, आपला देश नाही हा, कुठला तरी लांबचा आहे.

"गाणं कुनाचंबी असू दे," नित्या म्हणाला, "बसून ऐकायचं न्हाई. उठ."

तेव्हापासून आम्ही रोज उभे राहतो. पाच मिनिटांचा सामना आणि दोन देशांची दोन गीतं. बिरूचे गुडघे दुखतात, म्हणून तो छोट्या गीताचे देश निवडून खेळतो.

* * *

आता आण्णांचं सांगायला पाहिजे. आण्णा म्हणजे माझे वडील. चार एकर द्राक्षबाग एकट्यानं उभी केलेला माणूस. त्यांनी मला आजवर एकदाही "बरं केलंस" म्हटलेलं नाही. बारावी पास झालो तर म्हणाले, पास काय सगळीच होत्यात. दुकान काढलं तर म्हणाले, बघू किती दिस चालतंय. दुकानाला सतरा वर्षं झाली, ते अजून बघतायत. आपण काही लहान नाही, पण ते दोन शब्द ऐकायची हाव काही सुटत नाही गड्या. उगाच कशाला खोटं बोला.

तर कॉलेजातली गोष्ट. आण्णा डबा घेऊन एस.टी.नं सांगलीला आले. मी रूमवर नव्हतो, रूम पार्टनरनं कॅफेचा पत्ता दिला. मी गेममध्ये गुंग. मागं कुणी तरी येऊन उभं राहिलं, स्क्रीनवर सावली पडायला लागली. मला वाटलं बिरू आहे.

"सर की रं मागं, उजेड अडवून का हुबा हायस म्हसोबावानी!"

सावली सरकली नाही. मी पुढं दोन गोल मारले, तेही मोठ्यानं ओरडून. मग माझा कान कुणी तरी धरला आणि तो थेट एस.टी. स्टँडवर गेल्यावरच सोडला. डबा मात्र दिला. त्यात पुरणपोळ्या होत्या आणि त्या मी रडत रडत सगळ्या खाल्ल्या.

तेव्हापासून आजतागायत मी आण्णांना चोरून खेळतो. शेडवर जाताना सांगतो, मीटिंग आहे. वय वर्षं त्रेचाळीस!

* * *

कॉलेजात मला कुणी हरवू शकायचं नाही, हे मात्र खरं. माझी एक खास जागा होती. उजव्या कोपऱ्यातनं आत शिरायचं, पेनल्टीच्या चौकोनाच्या रेषेवर थांबायचं, तिरका शॉट. दहातले दहा गोल. गोलकीपर नुसता हात वर करून बघायचा. पोरं मला उस्ताद म्हणायची. आमच्यातला चौथा, उंब्रजचा विज्या, माझ्यापुढं तर कायम हरायचा.

नवा गेम आल्यावर विज्या उंब्रजात त्याच्या घरी आणि आम्ही इथं, असा ऑनलाइन सामना ठरला. मी खाकरून उजव्या कोपऱ्यात गेलो, रेषेवर थांबलो, मारला. गोलकीपरनं उभ्या उभ्या धरला. परत मारला, परत धरला. त्या संध्याकाळी मी एकाच जागेवरनं तीसेक वेळा मारलं आणि विज्यानं मला सात गोलनी धुतलं. मी जाहीर करून टाकलं की नवा गेम बिघडलेला आहे, कंपनीला कळवलं पाहिजे.

बिरूनं मोबाइलवर शोधून काढलं. जुन्या गेममध्ये त्या जागेवर कंपनीचीच चूक होती. तिथनं कुणीही मारला तरी गोल व्हायचा. नव्यात त्यांनी ती दुरुस्त केली होती.

"बिघडला न्हाई गड्या," बिरू म्हणाला, "त्यांची चूक निघाली आन तू उघडा पडलास."

आता मला कुणी उस्ताद म्हणत नाही.

* * *

नव्या गेममध्ये आपली स्वतःची टीम करता येते. नाव, चेहरा, उंची, मिशीसुद्धा. आम्ही हौसेनं गावाची टीम केली. दहा नंबर अर्थातच मी घेतला, आणि पोट काढून टाकलं. नऊ नंबरला, म्हणजे गोल मारायच्या जागेवर, आण्णांना घातलं. का घातलं, ते मला विचारू नका. त्यांना पांढऱ्या मिशा दिल्या आणि टोपी मिळाली नाही म्हणून हळहळलो. सोसायटीच्या चेअरमनना गोलकीपर केलं, कारण त्यांना पळता येत नाही.

चूक अशी झाली की बिरूनं अकरा जणांची यादी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी शेडवर माणसं! एक जण म्हणाला, आमच्या भावकीतला एकबी न्हाई म्हंजी काय? मळ्यातल्या वस्तीची माणसं म्हणाली, हरकत नाही, पण मग निवडणुकीला आमच्याकडं येऊ नका. मी समजावलं की बाबांनो, हा गेम आहे, टीव्हीतला. ते म्हणाले, टीव्हीत आहे म्हणून तर आलोय.

शेवटी वस्तीवार, भावकीवार दोघं दोघं घेऊन टीम नव्यानं बसवली. चांगले पळणारे बाहेर बसले.

मग चेअरमन आले. पहिल्याच सामन्यात त्यांच्या नावावर नऊ गोल खाल्ल्याची बातमी पोचली होती.

"मी साखर कारखान्याची निवडणूक हरलो न्हाई," ते म्हणाले, "आन हितं नऊ गोल खाल्लं? माझ्या नावानं कोन खेळतंय?"

खेळत मी होतो. मी बिरूकडं बोट केलं.

* * *

यादी गावभर झाली म्हटल्यावर ती पारावर पोचणारच. कुणी तरी आण्णांना म्हणालं, आवं आण्णा, तुमी नऊ नंबरला हायसा की!

त्या संध्याकाळी उंब्रजबरोबर सामना चालू होता. विज्यानंही आपल्या गावाची टीम केली होती. दार उघडलं आणि आण्णा आत आले. माझ्या हातातला कंट्रोलर पडता पडता राहिला. कान आपोआप गरम झाला. नित्या उठून उभा राहिला, आणि तेव्हा कुठलं गीतही वाजत नव्हतं.

आण्णा एका रिकाम्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "ह्यातला मी कंचा?"

बिरूनं दाखवलं. आण्णा बराच वेळ त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाकडं बघत राहिले. मग विचारलं की तू कुठला? मी दहा नंबर दाखवला. त्यांनी एकदा पडद्यावर बघितलं, एकदा माझ्या पोटाकडं बघितलं, आणि सोडून दिलं.

सामना दोन-दोन बरोबरीत. शेवटचं मिनिट. आणि आम्हाला पेनल्टी मिळाली! गेम विचारतो, कोण मारणार? पडद्यावर अकरा नावांची यादी आली. नित्या म्हणाला, आण्णांना दे. बिरू म्हणाला, आण्णांनाच दे. मीही आण्णांच्या नावावर येऊन थांबलो. त्यांच्यासमोर स्वतःचं नाव घ्यायची माझी छाती नव्हती.

"थांब," आण्णा म्हणाले. "पोरगा मारंल."

मी मागं वळून बघितलं. त्रेचाळीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा म्हणाला होता की एखादी गोष्ट मी करीन. मी खाली दहा नंबरवर आलो. श्वास घेतला आणि बटण दाबलं. जरा जास्तच दाबलं.

चेंडू गोलच्या वरनं गेला. नुसता वरनं नाही, पार प्रेक्षकांच्याही वरनं गेला.

टीव्हीच्या स्पीकरमधनं विज्या आणि त्याच्या घरी जमलेली उंब्रजची सगळी माणसं खदाखदा हसायला लागली. मी खाली मान घालून बसलो. आता काय ऐकायला मिळणार ते मला पाठ होतं.

आण्णा उठले. टोपी सारखी केली, पायात चपला सरकवल्या, आणि दाराकडं न जाता टीव्हीजवळ गेले. स्पीकरला अगदी तोंड लावलं.

"ओ उंब्रजकर," ते म्हणाले, "हसताय काय? वारं होतं."