भुवया काढणं

त्या दिवशी संध्याकाळी मी बायकोच्या भुवया पुसल्या. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. पुतण्याच्या मुलीचा साखरपुडा अलिबागला होता, तिथून दुपारच्या एसटीने घरी आलो. ती दमली होती. नवं लुगडं न बदलता खाटेवर आडवी झाली. मी खोबरेलाची बाटली आणि कापूस घेऊन बसलो.

"राहू द्या आज," ती म्हणाली. "सकाळी पुसा."

"उशीला डाग पडतो."

"पडू दे की. उशी काय माहेरची हाय?"

"अभ्रा धुवायला मलाच लागतो."

तिने डोळे मिटले. मी दोन्ही पुसल्या. मग उठून तिने चार घास भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं, आणि झोपली. सकाळी उठलीच नाही.

म्हणजे मी अभ्रा वाचवला. दुसरं काहीच नाही.

तिने जन्मभर झाकलेलं मी इथे उघडं करतोय, ते मला कळतं. शिव्या घातल्या असत्या तिने. पण सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही.

लहानपणी तिला मोठा ताप आला होता, त्यात भुवया गळल्या. परत आल्या त्या नावाला, इथे एक केस, तिथे दोन. लग्नानंतर चार महिने मलाच पत्ता नव्हता. मी उठायच्या आधी ती उठायची. दिव्याची काजळी एरंडेलात कालवायची आणि झाडूच्या हिराने भुवया काढायची. एकदा दुपारी उन्हात बोंबील वाळत घालत होती. घाम आला आणि एक भुवई गालावर उतरली. मी हसलो. मला बोलायची अक्कल तेव्हाही नव्हती.

"सोललेल्या बटाट्यागत दिसतेस," मी म्हणालो.

पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर आपटायची. सोळाव्या दिवशी म्हणाली, "बाजारातल्या एकीला जरी कळलं, तर मी माहेरी जाईन ती परत यायची न्हाय." ती सुकी मासळी विकायची. बाजारातल्या बाया कुणाची काय खोड काढतील याचा नेम नसतो. मी कुणाला बोललो नाही. लेकीला एवढंच माहीत, की आईच्या भुवया जरा विरळ आहेत आणि तिला नटायची हौस आहे. लेकीनेच पनवेलहून भुवयांची तपकिरी पेन्सिल पाठवली. हिराचं काम मग संपलं.

तीन वर्षांपूर्वी तिचा हात थरथरायला लागला. एका सकाळी मी आत गेलो तर आरसा पालथा तिच्या मांडीवर आणि कपाळावर सगळा बरबटा.

"आजपासून बाजार बंद," म्हणाली.

"आण इकडे ती पेन्सिल," मी म्हणालो.

मी होड्यांवर नावं आणि नंबर रंगवायचो. चौथी शिकलेला माणूस मी, नाव वाचायला मला वेळ लागतो, पण कागदावरचं बघून फळीवर हुबेहूब उतरवायचो. हात कधी हलला नाही. मी दोन रेघा ओढल्या आणि आरसा तिच्या हातात दिला.

"होडीला पट्टा मारलाय काय?" ती म्हणाली. "रेघ नको. केस काढा. एकेक."

मग तिने मला शिकवलं. नाकाकडचे केस उभे, पुढचे तिरके, कानाकडे जाईल तसा हात हलका. अधूनमधून एखादा पांढरा केस लांब वाढलेला असायचा, तो कातरीने कापायचा. पेन्सिल कडक असली की केस उठत नाही, नुसती घसरते, म्हणून ती टोक चहाच्या गरम पेल्याला टेकवून धरायची. मी समोर बसायचो, तिची उजवी भुवई माझ्या डाव्या हाताला यायची, आणि ती दर वेळी वर जायची. "उजवी भांडतेय," ती म्हणायची. मग कापसाला तेल लावून मी ती पुसायचो आणि परत काढायचो.

लेक फोनवर एकदा म्हणाली, आई, भुवया काढायला पार्लरमध्ये चल माझ्याबरोबर. ही मला म्हणते, "तिच्याकडे काढतात म्हणजे उपटतात. माझ्याकडे उपटायला काय हाय?" दोघं हसलो. तिच्या डाव्या पापणीवर तीळ होता. पन्नास वर्षांच्या संसारात तो मी बघितला नव्हता, या तीन वर्षांत दिसला.

त्या सकाळी मी हात लावला तर ती गार होती. डोक्यात पहिलं काय आलं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. भुवया पुसलेल्या आहेत, हे आलं. ती गेली हे त्याच्या मागून आलं.

शेजारची वहिनी रोज सकाळी दाराशी येते. ती आली की वाडी येणार, बाजारातल्या बाया येणार. डॉक्टरला बोलवायचं, लेकीला फोन करायचा, यातलं मी काही केलं नाही. दाराला कडी होती ती तशीच ठेवली आणि पेन्सिल घेऊन बसलो.

पेन्सिल उठेना. गार कातडीवर नुसती घसरत होती. मी जोर दिला तर कातडी सरकली, आणि मी हात मागे घेतला. मग उठून चहा ठेवला. सवयीने दोघांचा ठेवला. पेला तिच्या उशाशी ठेवून टोक टेकवलं, चार केस काढले, परत टेकवलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून पुढचे काढले. तिला म्हणालो, जरा थांब, घाई करू नको. कुणाला म्हणत होतो देव जाणे.

डावी बरी आली. उजवी वर गेली. पुसायला मी तेलाची बाटली उचलली आणि तिथेच थांबलो. सवाष्ण गेलेली. आता बाया तिला आंघोळ घालणार, तेल-हळद लावणार. पाण्याने ही पेन्सिल जात नाही, तेलाने एका बोटात जाते. बाहेर वहिनीने हाक मारली. उजवी तशीच सोडली, बाटली तांदळाच्या डब्यात खुपसली आणि मी कडी काढली.

घर भरलं. वहिनी म्हणाली, "भावजी, तेल कुठं ठेवलंय?"

"संपलंय."

"नारळाच्या वाडीत ऱ्हाता नि तेल संपलंय?"

"संपलं म्हणतो ना."

तिने स्वतःच्या घरातून आणलं. वाटीत हळद घातली, वर तेल ओतायला लागली. पुरुषमंडळी मला बाहेर बोलवत होती. मी गेलो नाही.

"केसांना लाव, पायांना लाव," मी म्हणालो. "तोंडाला तेल लावायचं न्हाय."

"अवो, पद्धत हाय ती."

"असू दे पद्धत. तोंडाला सुकी हळद लाव."

मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग हिच्या तोंडाकडे. काय कळलं तिला, मी अजून विचारलेलं नाही. तिने बोटं पदराला पुसली आणि दुसऱ्या वाटीत सुकी हळद घेतली. बायांनी मध्ये चादर धरली. चादरीच्या कडेने मला तिचं कपाळ दिसत होतं. कुंकू लागेपर्यंत मी उंबऱ्यातून हललो नाही, एकेकीच्या हाताकडे बघत राहिलो.