बुवांचा शेवटचा हात

बुवा गाडीत पुढे कधी बसत नसत. गिऱ्हाईक स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी आणि बुवा मागच्या सीटवर, चपला बाहेर काढून, मांडी घालून, डोळे मिटून. त्या बैठकीमुळेच त्यांना बुवा हे नाव पडलं होतं. "गाडी ज्याची तो पुढं बसते," ते म्हणत, "पण मांगं त्याची माय बसली राह्यते. तिचं डोकं दुखलं नाई पायजे."

वर्ध्यात बसस्थानकामागे आमचं कार-ऑडिओचं दुकान होतं. जागा माझ्या वडिलांची, मेहनत दोघांची. बुवा आष्टीकडचे, माझ्याहून बरेच मोठे. स्पीकर कोणीही बसवतो. खरं काम त्यानंतरचं. आवाज गाळून वाटून द्यायचा. जाड आवाज डिकीतल्या वूफरला, माणसाचा गळा दारातल्या स्पीकरला आणि झांजेसारखा पातळ आवाज काचेजवळच्या छोट्या ट्विटरला. ही वाटणी क्रॉसओव्हर करतो. त्याचं बटण केसभर चुकलं, तरी गायक डिकीत बसून गातोय असं वाटतं. मला हे बुवांनी शिकवलं. "माणूस मधात राह्यते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पह्यले त्याची जागा मोकळी कर."

खोटं बोलून माणसाला खूश करणं त्यांना छान जमायचं. समुद्रपूरचा एक कापसाचा व्यापारी दारं थरथरेपर्यंत वूफर वाढवून मागत होता. बुवांनी बटण उलटं फिरवलं, आवाज थोडा उतरवला आणि म्हणाले, "आता आयका." व्यापारी ऐकत राहिला, म्हणाला, आता कशी मजा आली. तो गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

माझ्या हातची गाडी झाली की तेही मागे बसून ऐकत. मग डोळे उघडून म्हणत, "जमलं." त्या एका शब्दावर मी दिवस काढत असे. घरी बायकोला सांगत असे, बुवांच्या कानाच्या कसोटीला माझं काम उतरलं.

एकदा सेलूचे एक शिक्षक त्यांची गाडी न्यायला आले. मी किल्ली पुढे केली. ते म्हणाले, बुवा येईपर्यंत थांबतो, त्यांचा शेवटचा हात फिरू द्या. मला कळेना. तेव्हा ते सहज बोलून गेले, "तुमच्या सेटिंगवर त्यांचा हात फिरल्याशिवाय गाडी नेऊ नका, असं ते सगळ्यांनाच सांगतात ना. तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. गावोगावच्या गिऱ्हाइकांना होतं.

बुवा आले, त्यांनी शिक्षकांची गाडी करून दिली. ते गेल्यावर मी विचारलं, हे कधीपासून. त्यांनी लपवलं नाही. बरीच वर्षं झाली, म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून कळलं, माझ्याच कानांना पातळ आवाज ऐकू येईनासा झाला होता, म्हणून मी ट्विटर इतका वाढवून ठेवत असे की लोकांच्या कानात टोचायचं. मी चहाला किंवा जेवायला गेलो की ते सगळं पुन्हा लावत.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

बुवा स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले. "सांगतो तं तू दुकान बंद केलं असतं. मी कुठी जातो मंग?"

तरीही पहिले काही दिवस मला वाटत होतं, माणसानं माझी अब्रू झाकली. बायकोच्या आग्रहावरून मी कान तपासून घेतले. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागदावरची उताराला लागलेली रेघ दाखवली. रोजच्या मोठ्या आवाजानं हे हळूहळू होत गेलं, गेलेलं परत येत नाही, पण सुरुवातीलाच आवाजापासून दूर राहिला असता तर बाकीचं बरंचसं वाचलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घरात किंवा कामावर आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी नाही म्हणालो.

परत येताना बसमध्ये मला त्यांचं ते "जमलं" आठवत होतं. ज्या माणसाला गाडीतला सगळ्यात बारीक आवाज कळत होता, त्यानं माझे कान जाताना रोज ऐकले होते आणि रोज मला त्याच आवाजात बसू दिलं होतं.

मी त्यांना दुसरी जागा बघायला सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. आपली हत्यारं पिशवीत भरली, घरच्यांची विचारपूस केली आणि गेले. आता ते नागपुरात एका मोठ्या दुकानात आहेत, चांगलं नाव आहे. मी सीट कव्हर आणि काचांच्या फिल्मा विकतो. कोणी आवाजाचं काम घेऊन आलं की त्यांचाच पत्ता देतो, कारण या कामात त्यांच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. माझ्या मुलीच्या शाळेचं विचारलं, ते अंदाजानं कळलं. मग जरा थांबून ते एक वाक्य बोलले, हळू आवाजात. फोनवर मला आता अर्धी अक्षरं लागत नाहीत. त्यांनी माफी मागितली की नुसतं जपून राहा म्हटलं, मला कळलं नाही. दुसऱ्या कोणालाही मी लगेच म्हणतो, पुन्हा बोला, ऐकू आलं नाही. त्यांना म्हटलं नाही. "बरं," म्हणालो आणि फोन ठेवला.